अँकोरा क्लब, मुक्काम करंजाडे

घरात प्लॅस्टिकचे डबे कसे साठतात, कोणी सांगू शकेल का? आपण विकत आणलेले नसतात, कोणी दिलेले आठवत नाहीत, झाकणं तर एकालाही धड बसत नाहीत. पण कपाट उघडलं की भसाभस अंगावर येतात. आमच्या किश्श्यांचं तसंच झालंय. परवा एका साखरपुड्यात शेजारच्या गृहस्थांनी सहज विचारलं, "काय सर, रिटायर झाल्यावर काय चाललंय?" मी म्हणालो, "रोमानियातल्या एका फुटबॉल क्लबचा इतिहास लिहितोय." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या बायकोकडे पाहिलं, आणि आवाज खाली करून तिला विचारलं, "कधीपासून?"

तर कधीपासून, ते सांगतो.

रोमानियात डॅन्यूब नदीवर एक छोटं बंदर आहे. गावाचं नाव मला लिहिता येतं, म्हणता येत नाही, म्हणून राहू दे. तिथल्या गोदीतल्या कामगारांनी काढलेला क्लब म्हणजे अँकोरा. अँकोरा म्हणजे बोटीचा नांगर. नांगराचं काम खाली जाऊन बसणं, आणि क्लबनं ते इमानेइतबारे केलंय. पहिल्या डिव्हिजनमधून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. खेळाडूंना पगार मिळतो म्हणून प्रोफेशनल म्हणायचं.

या क्लबचे अख्ख्या भारतात चार चाहते आहेत आणि चौघंही पनवेलात! एक मी, तीस वर्षं कॉलेजात इतिहास शिकवलेला मास्तर. फुटबॉलला आयुष्यात एकदाच लाथ मारली. चेंडू तिथेच राहिला, चप्पल गेली. दुसरी शीतल, माझी जुनी विद्यार्थिनी, आता फिजिओथेरपिस्ट. चौघांत फुटबॉल कळणारी ती एकटीच. ती म्हणते, "सर, तुमच्या तासाला मी झोपायचे, त्याची शिक्षा म्हणून इथे येते." तिसरा सॅम पेणकर, पनवेलचा बेने इस्रायली, औषधांच्या कंपनीत क्वालिटी कंट्रोलला. कुठलीही गोष्ट दोनदा तपासल्याशिवाय तो चहासुद्धा पीत नाही. आणि चौथे हिराकाका. म्हणजे खरं तर पहिले तेच, कारण ही सगळी साथ त्यांच्यापासूनच पसरली.

\*\*\*

हिरामण पाटील, उरणकडच्या खाडीकाठच्या गावातले. वडील मिठागरात राबायचे आणि उरलेल्या वेळात खाडीत जाळं टाकायचे. काका बोटीवर फिटर म्हणून लागले. आता सत्तरी ओलांडलीय, करंजाड्याला तळमजल्याच्या फ्लॅटमध्ये राहतात. तोच आमचा अड्डा.

तरुणपणी त्यांची बोट त्या रोमानियन बंदरात मशीनचा पार्ट मिळेना म्हणून सात महिने अडकून पडली. तिथे त्यांची निकु नावाच्या माणसाशी दोस्ती झाली. निकु अँकोराच्या मैदानाची देखभाल करायचा. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. काका म्हणतात, "म्हनून तर सात महिने भांडन नाय झालं!"

अँकोराच्या इतिहासात एकच मोठा दिवस आहे. देशाच्या कप स्पर्धेत त्यांनी राजधानीच्या बलाढ्य संघाला आपल्या मैदानावर एका गोलनं हरवलं. पुढच्याच फेरीत ते सडकून हरले, पण ते सोडा. त्या मॅचच्या आदल्या दिवशी निकु रडकुंडीला येऊन बोटीवर आला. गोलचं जाळं गोदामात उंदरांनी कुरतडलं होतं. त्या काळात तिकडे पावासाठीही रांग लागायची, नवीन जाळं कुठून मिळणार? काकांनी बोटीवरची दोरी घेतली, लाकडाची सुई तासली आणि दिवसभर मैदानात बसून जाळं बांधून दिलं. नशीब बघा, दुसऱ्या दिवशी सकाळी मशीनचा पार्ट आला आणि मॅच सुरू व्हायच्या आत बोट निघाली. पुढे तीन महिन्यांनी निकुचं पोस्टकार्ड आलं. त्यावर फक्त एक–शून्य.

"तो गोल माझ्या जाळ्यात गेला, सर," काका मला पहिल्यांदा भेटले तेव्हा म्हणाले. "आता तुमी इतिहासवाले हाव. क्लबच्या इतिहासात माझं नाव हाय का नाय, तेवढं बघून द्या. मना दुसरं काय नको."

मी मास्तरी थाटात म्हणालो, "काका, पुराव्याशिवाय इतिहासात नाव घालता येत नाही." तीस वर्षं मी पोरांना कुठला राजा कुठल्या राणीला काय म्हणाला ते छातीठोक सांगितलं, एका पोरानं पुरावा मागितला नाही. आणि मी पुरावा मागितला तो एका रिटायर्ड फिटरकडे! काका शांतपणे म्हणाले, "मंग पुरावा शोधा."

त्या दिवशी मी दोनशे पानी वही आणली.

\*\*\*

अँकोराच्या मॅचेस इंटरनेटवर दिसतात. म्हणजे कोणीतरी मैदानाच्या कडेला मोबाईल लावून ठेवतं. मॅच शनिवारी दुपारी. शनिवारी सॅमचा शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा वार, त्यामुळे तो लॅपटॉपला हात लावत नाही. नुसता समोर बसतो. नेट अडकलं की म्हणतो, "मी काही सांगत नाहीये हं. पण डाव्या बाजूला खाली एक गोल बाण असतो, असं ऐकून आहे."

एका शनिवारी शीतलला पेशंट होते. दोन-तीन लिंक तिनं आधीच पाठवल्या होत्या, त्यातली एक मी माझ्या हातानं लावली. मैदानात निळे कपडे दिसले, आम्ही तिघं सरसावून बसलो.

दहा मिनिटांनी सॅम म्हणाला, "खेळाडू जरा लहानखुरे वाटतात, नाही?"

मी म्हणालो, "क्लबची परिस्थिती नाजूक आहे. खुराक कमी पडत असेल."

काका हळहळले. "हाडं दिसतात रे पोरांची. पगार जातो कुठं यांचा?"

हाफ टाइमला मी वहीत लिहिलं, 'नव्या प्रशिक्षकानं उंचीपेक्षा चपळाईवर भर देण्याचं धाडसी धोरण स्वीकारलेलं दिसतं.' सॅमनं ते दोनदा वाचून मंजूर केलं. आम्ही चार–एकनं जिंकलो. काकांनी शेजाऱ्यांना पेढे वाटले. तेवढ्यात शीतल आली, लॅपटॉपकडे बघितलं आणि बॅग खाली ठेवत म्हणाली, "सर, ही अंडर-थर्टीनची मॅच आहे!"

काका पेढ्याचा बॉक्स बंद करत म्हणाले, "तरी म्हनलं, गोलकीपर रडतो कशाला."

वहीतलं ते पान मी फाडलं नाही. त्या वहीत चुकीचं नसलेलं ते पहिलंच वाक्य होतं, पोरं खरंच बुटकी होती, असं शीतलचं मत आहे.

\*\*\*

मग शीतललाच क्लबच्या वर्धापनदिनाचं एक जाडजूड पुस्तक इंटरनेटवर सापडलं. अस्सल साधन! पण रोमानियन भाषेत. मोबाईलवर भाषांतर करून बघितलं तर पहिलंच वाक्य आलं, 'पाण्याच्या काकांनी लोखंडाला जन्म दिला.' मी ते वहीत लिहून घेत होतो, शीतलनं पेन काढून घेतलं.

तेव्हा सॅम म्हणाला, "माझी मावशी आहे ना!"

सॅमची रिबकामावशी लग्न होऊन पनवेलहून इस्रायलला गेली, ती अश्दोदला राहते. तिच्या शेजारच्या क्लाराबाई मूळच्या रोमानियाच्या. ठरलं असं की क्लाराबाई रोमानियन वाचून हिब्रूत सांगणार आणि मावशी आम्हाला मराठीत व्हॉइस मेसेज पाठवणार. आंतरराष्ट्रीय संशोधन म्हणतात ते हेच, असं मी बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती, तिनं मान वर केली नाही.

पहिला मेसेज आला. मावशीचा आवाज अजून पन्नास वर्षांपूर्वीच्या पनवेलचा.

"सॅमी, ऐक रे बाळा. क्लब ज्यानं काढला तो सुतार होता. बायको गुणाची, पण सासूनं छळली. तीन मुली. धाकटीचं लग्न जमेना. मग तो पहिला कॅप्टन आहे ना, त्याच्याशी लावून दिलं. क्लारा म्हणते, नाक बरं होतं मुलाचं."

दुसऱ्या मेसेजमध्ये दुसऱ्या कॅप्टनची तीन लग्नं निघाली. तिसऱ्यात एक प्रशिक्षक, 'माणूस बरा, पण पिणारा.' आठ दिवस झाले तरी एकही मॅच नाही! सॅमनं भीत भीत विचारलं, "मावशी, गोल वगैरे काही लिहिलेत का त्यात?"

"लिहिलेत की ढीगभर. मी गाळले. सगळे सारखेच असतात रे."

त्यामुळे माझ्या वहीतल्या दुसऱ्या प्रकरणाचं नाव आहे 'क्लबची स्थापना व सोयरिकी'.

शेवटी काकांनीच फोन हातात घेतला. "ताई, मी हिरामन बोलतंय. ती राजधानीवाल्यांची मॅच हाय ना, तेवढी वाचा. जाळ्याचं काय लिवलंय का बघा."

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. "हिरामण, क्लारानं दोनदा वाचलं रे. एवढंच आहे की गोल फार सुंदर झाला. जाळ्याचं काही नाही. तुझं नाव नाही. मी असते तर घातलं असतं."

काकांनी तो मेसेज तीन वेळा ऐकला. मग फोन सॅमला देत म्हणाले, "ज्यानं लिवलंय तो मच्छी खात नसंल." हसलो आम्ही. पण त्या दिवशी काकांनी दुसऱ्यांदा चहा टाकला नाही, आणि मला फार वाईट वाटलं. पुरावा मागणारा मीच होतो.

\*\*\*

काकांचा मूड सुधारावा म्हणून शीतलनं बेलपाड्याजवळ एक टर्फ तासाभरासाठी बुक केला. म्हणाली, "नुसतं बघत बसलात तर गुडघे जातील. खेळूया." दोन विरुद्ध दोन. मी आणि सॅम एका बाजूला, शीतल आणि काका दुसऱ्या. मी नातवाची हाफ पँट घालून गेलो होतो, त्याविषयी अधिक बोलत नाही.

आम्ही मैदानात शिरलो आणि काका सरळ गोलच्या मागे गेले. जाळं हातात धरलं. चेहरा असा झाला, जणू कोणी आमटीत साखर घातलीय.

"ह्या गाठी हायत? ह्याला गाठी बोलतात?"

टर्फचा मॅनेजर धावत आला. त्याला वाटलं महापालिकेचे कोणीतरी साहेब तपासणीला आलेत. तो एकदम नम्र झाला. "सर, काही प्रॉब्लेम?"

"खालच्या अंगाला बघ. इथनं बोय मासासुद्धा निसटंल. चेंडू कसा ऱ्हाईल? आन दोरी."

त्यानं दोरी आणली. काकांनी मांडी घातली. आम्ही बाजूला उभे. पंधरा मिनिटं गेली, अर्धा तास गेला. त्यांचे हात असे चालत होते की बघत राहावं. गाठ मारायची, बोटानं ताणायची, पुढची. मध्येच म्हणाले, "माझा बापूस बोलायचा, मासा गेला तं नशीब गेलं. पण बांधलेलं सुटलं तं इज्जत गेली." पन्नास मिनिटांनी दोन्ही बाजूंची जाळी घट्ट झाली आणि आम्हाला खेळायला दहा मिनिटं उरली.

त्या दहा मिनिटांत एकच गोल झाला. तो मी केला. आमच्याच जाळ्यात! सॅमनं कपाळाला हात लावला. काका मात्र विरुद्ध टोकाकडून टाळ्या वाजवत धावत आले. मला वाटलं माझं सांत्वन करतायत. ते माझ्या बाजूनं पुढे गेले, जाळ्यात अडकलेला चेंडू बघितला आणि म्हणाले, "बघा कसा धरलाय!"

\*\*\*

दरम्यान तिकडे क्लब फुटला. म्हणजे आधी दिवाळं वाजलं, मग एकाचे दोन झाले आणि दोघांनाही चौथ्या डिव्हिजनपासून सुरुवात करावी लागली. एका क्लबकडे 'अँकोरा' हे नाव राहिलं, दुसऱ्याकडे मैदान राहिलं. दोघंही म्हणतात, जुना इतिहास आमचा! कोर्टात केस चालू. रोमानियात हे नेहमीचंच आहे म्हणे. आपल्याकडे एका गल्लीत दोन गणपती बसतात आणि दोघांच्याही पावतीबुकावर स्थापनेचं वर्ष तेच असतं, त्यातलाच प्रकार.

झालं, आमच्यातही फूट पडली! मी नावाच्या बाजूनं, कारण वहीच्या कव्हरवर मी स्केचपेननं 'अँकोरा' लिहून बसलो होतो. सॅम माझ्या बाजूनं, कारण कागदपत्रं नावाच्या क्लबकडे होती. शीतल मैदानाच्या बाजूनं. "सर, खेळ कागदावर होतो का?" वाद इतका पेटला की व्हॉट्सॲप ग्रुपसुद्धा दोन झाले. दोन्हींमध्ये चौघंही होतो, कारण दुसरा गट काय बोलतोय ते कळायला हवं ना!

काकांचं मत बाकी होतं. त्यांच्यावर सगळं अवलंबून. मी त्यांना पाऊण तास समजावलं, वारसा म्हणजे काय, परंपरा म्हणजे काय. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि एकच प्रश्न विचारला.

"गोलचे खांब कोनाकडं हायत?"

"मैदानवाल्यांकडे," शीतल म्हणाली.

"मंग माझा क्लब तो."

तीन आठवड्यांनी मी आणि सॅमही मुकाट्यानं तिकडे गेलो. तत्त्वाचा वगैरे प्रश्न नव्हता. नाववाल्यांच्या मॅच मोबाईलवर दिसत नव्हत्या.

\*\*\*

पुढच्या मोसमात मैदानवाले चौथ्या डिव्हिजनमधून तिसऱ्यात चढले. एवढा आनंद झाला की काका म्हणाले, "बॅनर लावूया!" करंजाड्यात कोणाचा पुतण्या दहावी झाला तरी बॅनर लागतो, आमचा तर क्लब वर चढला होता.

फ्लेक्सवाल्याकडे मी गेलो. शीतलनं क्लबच्या गोलकीपरचा फोटो दिला होता. पहिलवान गडी, दाढीवाला. मजकूर मी स्वतः लिहून दिला. दुसऱ्या दिवशी चौकात बॅनर लागला. मधोमध तो गोलकीपर, फ्लेक्सवाल्यानं सवयीनं त्याला काळा गॉगल चढवलेला. खाली आम्हा चौघांचे गोल फोटो, 'शुभेच्छुक'. मी त्यात हात जोडून उभा. आणि वर, जुन्या डिझाइनमधलं पुसायचं राहिलेलं, हातभर अक्षरात 'आमचे मार्गदर्शक यांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा!'

सकाळपासून फोन सुरू. एकानं विचारलं, कुठल्या वॉर्डातून उभे राहतायत? दुसऱ्यानं विचारलं, जेवण कुठे आहे? माझ्या सोसायटीच्या चेअरमननं तर गटाराचा अर्जच माझ्या हातात दिला, "साहेबांच्या कानावर घाला." मी तो घेतला. काय सांगणार, साहेब रोमानियात पेनल्टी अडवतायत म्हणून?

शीतलनं हसत हसत बॅनरचा फोटो क्लबला पाठवला. आणि तो तिकडे तुफान चालला! क्लबच्या पेजवर टाकला, गोलकीपरनं स्वतः आभार मानले. वाढदिवसाला अजून पाच महिने होते बिचाऱ्याच्या. क्लबचं पेज सांभाळणारी इओआना नावाची मुलगी आहे, तिनं इंग्लिशमध्ये विचारलं, "तुम्ही कोण आहात? आणि आम्हीच का?"

शीतलनं तिला सगळं लिहिलं. बोट, निकु, उंदीर, जाळं.

दोन दिवस उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी एकच ओळ आली. 'निकु जिवंत आहे. तो रडतोय. रविवारी व्हिडिओ कॉल करू या का?'

\*\*\*

रविवारी दुपारी आम्ही चौघं करंजाड्याला. काकांनी लग्नाला घालतात तो सफेद शर्ट घातला होता, केसांना तेल. मी वही उघडून, पेनाचं टोपण काढून तयार. खरं तर इओआनाला इंग्लिश येत होतं, पण रिबकामावशीनं आधीच बजावलं होतं, "एवढं सगळं मी केलं आणि आता मला वगळता?" त्यामुळे स्क्रीनच्या एका चौकटीत अश्दोदहून मावशी आणि क्लाराबाई, दोघी नटूनथटून. दुसऱ्या चौकटीत निकु. वाळलेला म्हातारा, डोक्यावर लोकरीची टोपी, मागे हिरवं मैदान. शेजारी त्या मॅचमधले दोन जुने खेळाडू, खुर्च्यांवर बसलेले.

निकु आणि काका एकमेकांकडे बघत राहिले. निकुनं हातानं खूण केली, तुझे केस कुठे गेले? काकांनी खूण केली, तुझे दात कुठे गेले? दोघं लहान पोरांसारखे हसले. सॅमनं चष्मा काढून पुसला. दोनदा.

मग निकु बोलायला लागला. बराच वेळ बोलला. क्लाराबाईंनी तोंडावर हात घेतला, मावशीला सांगितलं. मावशी आमच्याकडे वळली.

"हिरामण, ऐक रे. तो म्हणतो, त्या मॅचचं खरं आजवर कोणी लिहिलं नाही. राजधानीची माणसं फार वरपर्यंत पोचलेली होती, भीती वाटायची. आता कसली भीती! तो म्हणतो, आमच्या माणसानं चेंडू मारला, तो गोलच्या बाहेर गेला. चुकला. पण जाळ्याच्या बाजूला खाली एक भोक राहिलं होतं, त्यातून चेंडू बाहेरून आत शिरला. पंचाला दिसलं नाही. त्यानं गोल दिला! मॅच संपली तसा निकुनं पळत जाऊन ते भोक बांधून टाकलं, म्हणून कोणाला पत्ता लागला नाही."

दोन्ही म्हातारे खेळाडू मांड्यांवर हात मारून हसत होते. मावशीलाही हसू आवरेना.

"अख्ख्या गावाला माहितेय म्हणे. त्या भोकाला ते 'हिंदुस्थानी माणसाची खिडकी' म्हणतात. पोराटोरांना गोष्ट सांगतात. तुझं नाव मात्र कोणाला धड आठवत नव्हतं. आता त्या गोलच्या मागच्या भिंतीवर दगड बसवणार आहेत, तुझ्या नावाचा. नवीन इतिहास छापतायत, त्यात एक अख्खं पान तुझं. पूर्ण नाव कसं लिहायचं, विचारतोय."

शीतलनं टाळी वाजवली. सॅम उठून उभाच राहिला. मी वहीत लिहूनही टाकलं, हिरामण, मोठ्या अक्षरात. मिळाला पुरावा! मग आम्ही तिघांनी काकांकडे बघितलं.

काका हसत नव्हते.

"कंच्या बाजूला होतं भोक?" त्यांनी विचारलं.

मावशीनं विचारलं, क्लाराबाईंनी विचारलं. उत्तर उलट्या वाटेनं परत आलं. "डाव्या बाजूला. खांबाजवळ, अगदी खाली."

काकांनी डोळे मिटले. गुडघ्यावर ठेवलेली त्यांची बोटं हळूहळू हलायला लागली. गाठ, ताण, पुढची. गाठ, ताण, पुढची. एका ठिकाणी थांबली. परत मागे गेली, परत तिथेच थांबली. तिकडे निकु टोपी हातात घेऊन वाट बघत होता.

काकांनी डोळे उघडले.

"ताई, त्याला सांगा, ते जाळं माझं नव्हतं."

मावशी म्हणाली, "अरे हिरामण, तुझं नाव लावतायत ते! दगडावर!"

"माझं नव्हतं. सांगा."

मावशीनं आमच्याकडे पाहिलं. मग, त्या सगळ्या महिन्यांत पहिल्यांदाच, तिनं काहीही न गाळता, काहीही न घालता ते तेवढंच क्लाराबाईंना सांगितलं, आणि क्लाराबाईंनी निकुला. निकुचं हसू थांबलं. तो स्क्रीनच्या अगदी जवळ आला. मग हळू आवाजात काहीतरी बोलला.

"तो विचारतोय," मावशी म्हणाली, "तुझं नव्हतं, तर मग कोणी बांधलं होतं? तुमच्याच गावचा आणखी कोणी होता का बोटीवर?"

काका सरळ होऊन बसले.

"त्याला सांगा," ते म्हणाले, "आमच्या गावात असं जाळं कोनी बांधत नाय."